भिंतीला पाठ लावून

रविवारी दुपारी साकीनाक्याच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चिटपाखरू नसतं. एरवी शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, पण त्या दिवशी सहदेव रिक्षातून उतरला तेव्हा त्याला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. फाटकापाशी हर्षद उभा होता. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवायचा त्याचा वरच्या मजल्यावर एक गाळा होता. सहदेवच्या हातातल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला जुई होती.

वास काढणारं कुत्रं म्हणजे काहीतरी अक्राळविक्राळ असणार अशी लोकांची समजूत असते. जुई बिस्किटाच्या रंगाची लॅब्राडोर. बघणाऱ्याला वाटावं, हिला चोर दिसला तर ही त्याचा डबा उघडायला मदत करेल. हर्षदलाही तसंच वाटलं असावं.

"हीच का?" त्याने विचारलं.

"हीच," सहदेव म्हणाला. "नाक बघा, तोंड नका बघू."

सहदेवने उमेदीची सगळी वर्षं सरकारी श्वान पथकात काढली होती. निवृत्तीनंतर एका खाजगी सुरक्षा कंपनीत तो तेच काम करत होता. गोदामं, वसतिगृहं, ऑफिसं, कुठे कुणी एमडी, म्हणजे नशेची पावडर, लपवलीय का ते जुईला हुंगायला लावायचं. त्या पांढऱ्या पावडरीने उपनगरात असं काही बस्तान बसवलंय, की कामाला तोटा नव्हता. हर्षदला गेल्या महिन्यात गाळ्यातल्या दोन कामगार पोरांचे डोळे बरे दिसले नव्हते. पोलिसांनी येऊन बघण्यापेक्षा आपणच बघितलेलं बरं, असा त्याने विचार केला. तशी ही हात दाखवून अवलक्षण करायचीच गोष्ट, पण भित्या माणसाला एवढी अक्कल कुठून असणार?

"पोरांना जेवण आहे सांगून आणलंय," जिना चढताना हर्षद म्हणाला. "खरं सांगितलं असतं तर एक तरी आला असता का, यार?"

माणसं तपासायची एक रीत असते. सगळ्यांना भिंतीला पाठ लावून एका रांगेत उभं करायचं, हात मोकळे, दोघांमध्ये हातभर अंतर. कुत्रं एका टोकाकडून निघतं. प्रत्येकाच्या पावलांना वळसा घालून समोर येतं, नाक गुडघ्यापासून खिशापर्यंत नेतं आणि पुढे जातं. वास मिळाला तर भुंकत नाही, खरवडत नाही. नुसतं खाली बसतं, आणि जिथून वास आला तिकडे बघत राहतं. मग हँडलरने 'शाब्बास' म्हणून खिशातला रबरी चेंडू फेकायचा. तोवर ते उठत नाही.

सहदेवला हे सगळं शिकवलं ते पथकातल्या नानांनी. नाना म्हणायचे, "बसलेल्या कुत्र्याला ओढून न्यायचं नाही. ते बसलं म्हणजे बसलं. आधी शाबासकी द्यायची, मग काय निघतंय ते बघायचं. आपल्याला नको असलं तरी..."

पोरं उभी राहिली. जुई निघाली. ज्याच्यापुढे ती येई त्याचा श्वास अडके, आणि ती पुढे गेली की सुटे. त्या बंद गाळ्यात तेवढाच आवाज होता, एकापाठोपाठ एक सुटणाऱ्या श्वासांचा. सहदेव मात्र जुईकडे कमी आणि पोरांच्या तोंडांकडे जास्त बघत होता. ही त्याची अलीकडची सवय. कुठेही रांग लावली की तो आधी चेहरे बघून घ्यायचा, न जाणो यात आपला असेल.

प्रितम, त्याचा एकुलता एक मुलगा, घरातून गेल्याला बरेच दिवस झाले होते.

जुई पिल्लू असताना तिला रांग शिकवायची म्हणून सहदेव भांडुपच्या त्यांच्या चाळीतल्या पोरांना भिंतीशी उभं करायचा. त्यात प्रितम हटकून असायचा, आणि जुईची फजिती तिथेच व्हायची. बाकीच्यांना शहाण्यासारखं हुंगत यायची आणि प्रितमपुढे आली की कसलं काम नि कसलं काय! शेपटीबरोबर सगळा मागचा भाग हलायचा, मान खाली जायची, कान मागे पडायचे. प्रितम तिच्या कानांवरून तळवा फिरवायचा आणि म्हणायचा, "बाबा, हिची नोकरी माझ्यापायी जाणार बघा."

मग तो मोठा झाला, अंधेरीला एका कुरिअर कंपनीत लागला, उशिरा यायला लागला, बारीक झाला. आईला वाटलं दगदग आहे, बापाला वाटलं पोरगी आहे. लोकांच्या घरातली पावडर हुंगणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातलं काही कळू नये! एका संध्याकाळी प्रितम दारात चप्पल काढत होता. जुई धावत गेली. शेपटी हलवली, आणि त्याच्या पुढ्यात बसली.

त्या वेळी सहदेव रडला असता, त्याने हात उगारला असता, आईमाईवरून शिवी दिली असती, तरी एकवेळ चाललं असतं. पण इतक्या वर्षांची सवय वाईट. त्याच्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास!" आणि हाताने चेंडू फेकला.

प्रितमने एकदा बापाकडे बघितलं. अर्धी काढलेली चप्पल परत पायात सरकवली आणि तो जिना उतरून गेला. तो गेला तो गेलाच. फोन बंद, मित्रांना पत्ता नाही, पोलिसांत तक्रार दिली तिचाही काही उजेड नाही. चाळीतले लोक 'दिव्याखाली अंधार' म्हणून मोकळे झाले. रत्नप्रभा, सहदेवची बायको, मालवणकडची, मूळची बोलकी. आपल्या झिलाबद्दल, म्हणजे लेकाबद्दल, तिने नवऱ्याला एकच वाक्य ऐकवलं होतं, "कुत्रीक शाबासकी दिल्यात, आणि झिलाक?" ते वाक्य त्याला रात्री झोपू देत नव्हतं.

तेव्हापासून तो मिळेल ते काम घेत होता. पावडर जिथे सापडेल तिथे कधीतरी पोरगाही सापडेल, एवढीच त्याची आशा. रोज संध्याकाळी रत्नप्रभा दारातच विचारायची, "गावलो?" आणि रोज तो मान हलवायचा.

हर्षदच्या पोरांत जुई कुणापुढे बसली नाही. पोरं मोठ्याने हसू लागली, एकाने तिला बिस्किट देऊ केलं. सहदेवही निघाला होता, तेवढ्यात हर्षद म्हणाला, "सहदेवभाऊ, जाता जाता एक काम करा ना. हा शेवटचा गाळा मी भाड्याने घेतोय. आधीच्या पार्टीचं नाव काही बरं नव्हतं. पोरं यायची-जायची, दिवसभर शटर खाली. आत काही राहिलं असेल तर उद्या माझी वाट लागेल."

बोळाच्या टोकाला ते शटर होतं. हर्षदने ते कमरेपर्यंत वर केलं, त्याच वेळी त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत जिन्याकडे गेला. सहदेव वाकून आत शिरला.

आत भरदुपारी अंधार होता. खिडक्यांच्या काचांना कुणीतरी आतून काळा रंग फासला होता. वीज तोडलेली. वास आला तो आधी थिनरचा, मग ओल्या पुठ्ठ्याचा, आणि त्या दोहोंच्या खाली, नाक सरावल्यावर, माणसांचा. बरीच माणसं बराच वेळ एका खोलीत अंग आखडून बसली की जो येतो तो. सहदेवने मोबाइलचा उजेड फिरवला. जमीन रिकामी होती, धुळीवर पाऊल उमटलेलं नव्हतं. सामान म्हणाल तर एक फुटकी बादली.

"चल जुई, शोध."

जुई खोलीच्या मधोमध गेली नाही, बादलीकडे गेली नाही. ती डाव्या हाताच्या भिंतीच्या टोकाशी गेली आणि थांबली. नाक खालून वर नेलं. एक पाऊल पुढे सरकली, थांबली. पुन्हा नाक खालून वर.

सहदेवला वाटलं, भिंतीला काहीतरी लागलेलं असेल. तो उजेड घेऊन जवळ गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की ती भिंत हुंगत नाहीये. तिचं नाक भिंतीपासून चांगलं हातभर अलीकडे होतं. आणि दर थांब्याला ती भिंतीपासून किंचित बाहेर सरत होती, पुन्हा आत येत होती.

पावलांना वळसा घालत होती.

त्याने हातातली दोरी घट्ट धरली. जुई पुढे निघाली. ती एका जागेवरून हलली, आणि तिथून, रिकाम्या भिंतीपाशी, श्वास सुटल्याचा आवाज आला. हळूच, नाकातून. मग दुसऱ्या जागेवरून... मग तिसऱ्या...

आपल्याच श्वासाचा आवाज घुमतोय, असं स्वतःला सांगून त्याने श्वास रोखून पाहिला. पुढच्या जागेवरचा श्वास तरीही सुटला.

भिंतीच्या दुसऱ्या टोकाजवळ जुई थांबली आणि तिची शेपटी हलायला लागली. आधी शेपटी, मग सगळा मागचा भाग. तिची मान खाली गेली. आणि सहदेवच्या डोळ्यांदेखत तिचे दोन्ही कान मागे दाबले गेले. एकदा. मग पुन्हा एकदा. कुणीतरी तळवा फिरवत असल्यासारखे.

मग ती खाली बसली आणि वर बघत राहिली, जिथे उभ्या माणसाचं तोंड असतं तिथे.

"प्रितम...?" सहदेव म्हणाला.

थिनरच्या वासात एकदम खोबरेल तेलाचा वास मिसळला. रत्नप्रभा पोराच्या डोक्याला जबरदस्तीने चोपडायची ते, गावाहून आलेलं.

जुई वर बघत होती, शाबासकीची वाट बघत होती. तिचं काम तिने चोख केलं होतं. आता एक शब्द म्हणायचा होता. पण तो शब्द म्हणायचा म्हणजे कबूल करायचं, की पोरगा इथे आहे, आणि ज्या अर्थी तो दिसत नाही, ज्या अर्थी धुळीवर त्याचं पाऊल नाही, त्या अर्थी... एकदा तो शब्द उच्चारून त्याने पोरगा घरातून घालवला होता. तोच शब्द म्हणून त्याला या जगातून घालवायचं? कुठल्या बापाने म्हणावा? तुम्ही म्हटला असता?

"नाही," तो म्हणाला. "जुई, नाही. कुणी नाहीये. चल."

जुई उठेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बसलेलं कुत्रं ओढलं. तिची नखं फरशीवर घासत शटरपर्यंत आली. बाहेर येईतो त्याने मागे वळून बघितलं नाही.

हर्षद फोन खिशात ठेवत आला. "काय? काही सापडलं?"

"काही नाही. साफ आहे."

"नक्की ना, भाऊ?"

"म्हटलं ना, कुणी नाही!" सहदेव ओरडला, आणि 'कुणी' कसं म्हणाला हे हर्षद विचारणार एवढ्यात जिना उतरायला लागला.

पवईवरून जाताना रिक्षावाला दोनदा थांबून खाली उतरला आणि मागच्या चाकांकडे बघून आला. "टायर तर बरोबर आहेत," तो पुटपुटला. "मग गाडी एवढी जड का लागतेय?" जुई सीटवर मागे तोंड करून बसली होती आणि हुडच्या फटीतून बाहेर बघत होती. सहदेवने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो अंग चोरून टाळला.

घरी रत्नप्रभाने दारात विचारलं, "गावलो?"

"नाय," सहदेव म्हणाला. या वेळी मान हलवताना त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

जुई घरात आली नाही. उंबऱ्यावर बसली, तोंड जिन्याकडे करून. तिची थाळी तिथेच नेऊन ठेवली तरी तिने तोंड लावलं नाही. कुत्रीला राग आलाय, ओढलं म्हणून, असं सहदेव धरून चालला. रत्नप्रभा मात्र त्या दिवशी खुशीत होती. कधी नव्हे ती भांडी घासताना गुणगुणत होती.

"काय ता कळणा नाय," ती म्हणाली, "पण आज माका बरा वाटता. कोणतरी जवळ असल्यासारखा वाटता."

तिने ते सांगितलं तेव्हा सहदेवला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. त्याने सांगितलं नाही. पोराची वाट बघणं हेच तिच्याजवळ उरलं होतं, तेवढं तरी तिच्याकडे राहू दे असं त्याला वाटलं. आणि तो चुकला, हे म्हणायला आता आपल्याला सोपं आहे.

अंथरुणावर पडून त्याने स्वतःची समजूत घातली. दोरीवरून माणसाचं मन कुत्र्यात उतरतं, हे कुठल्याही हँडलरला ठाऊक असतं. तुम्हाला एखाद्या कपाटाचा संशय आला की कुत्रं बरोबर त्याच कपाटाशी बसतं. हात कळत नकळत आखडतो, आणि कुत्रं मालकाला खूश करायला बघतं. आपल्या मनात रात्रंदिवस प्रितम. तेच भय दोरीवरून खाली गेलं, दुसरं काय! पण हे खरं की खोटं ते ठरवायचा एकच मार्ग होता, जुईला दोरीशिवाय सोडून बघायचं. आणि ती पुन्हा बसलीच, तर या खेपेला शाब्बास म्हणायचं. तशा अंधारात पोराला ताटकळत ठेवायचं नाही. हे ठरल्यावर तो उशीत तोंड खुपसून रडला.

सोमवारी सकाळी तो पुन्हा साकीनाक्याला गेला. इस्टेट धडधडत होती. हर्षदने काही न विचारता शटर वर करून दिलं. सहदेवने आत जाऊन जुईच्या गळ्यातली दोरी सोडली आणि दोन पावलं मागे सरला.

"शोध."

जुई भिंतीच्या टोकाशी गेली, आणि थांबली नाही. नाक जमिनीशी ठेवून सरळ दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, भिंतीला खेटून, कुठे वळसा नाही, कुठे शेपटी नाही. कोपऱ्यात एक शिंक दिली आणि परत आली. त्याने तिला पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. खोलीत थिनरचा वास होता आणि पुठ्ठ्याचा. बस, तेवढाच.

सहदेव त्या धुळीत फतकल मारून बसला. हसला की रडला त्याचं त्यालाच कळलं नाही. नव्हतं काही! मन होतं, मनाचे खेळ होते! पोरगा या रांगेत नव्हता, म्हणजे कुठेतरी होता, वाईट अवस्थेत का असेना, पण होता. जुईच्या गळ्यात हात टाकून तो तिला म्हणाला, "माफ कर गं बाई." आणि तसाच बसल्या बसल्या त्याने घरी फोन लावला. काय सांगायचं ते त्यालाही माहीत नव्हतं. नुसतं बायकोशी चांगलं बोलायचं होतं.

फोन लगेच उचलला गेला.

"हळू बोला," रत्नप्रभा कुजबुजली.

"काय झालं गो?"

"इलो हा."

"कोण?"

"प्रितम इलो हा..." ती म्हणाली. "तुमी गेल्यात, आणि मी पाण्याक म्हणान कवाड उघडलंय, तर भायर उभो. कदीपासून उभो होतो, देव जाणे. मी म्हटलंय, ये रे माझ्या झिला, आत ये. तेवा इलो."

सहदेवने डोळे मिटले. त्याला वाटलं, देव आहे. कुठेतरी असलाच पाहिजे. "कसो आसा?" त्याने विचारलं.

"बारीक झालो हा. बोलणा नाय काय. मी पण इचारूक नाय." मग तिने आवाज आणखी खाली आणला. "पण अहो... ही बाकीची पोरां कोणाची?"

"कसली पोरां?"

"वांगडा घेवन इलो हा. बरीच हत. सगळी भित्तीक पाठ लावन उभी. बसा म्हटला तरी बसणत नाय..."

खाली कुठल्यातरी गाळ्यात यंत्राने ठोका दिला आणि सहदेवच्या पायाखालची फरशी हादरली. जुई उठून शटरकडे गेली होती आणि बाहेर बघत होती, घराच्या दिशेने म्हणा, किंवा नुसतीच.

"रत्ना," तो म्हणाला. "रत्ना, ऐक माझा. तू भायर ये. आत्ताच्या आत्ता. शेजारी जाऊन बस..."

"येड लागला काय तुमका? इतक्या दिसांनी झील घरात इलो आणि मी भायर जाव?"

"तो प्रितम नाय..."

"मी त्याची आवस, माका शिकवतात?" ती पहिल्यांदाच थोडी मोठ्याने बोलली. मग पुन्हा तोच हळू, लाडाचा आवाज. "मधी एक जागा रवली हा, प्रितमच्या बाजूक. हातान बोलवता माका... इलंय हा रे, इलंय. थांबा हा वायच..."

फोन बंद झाला नाही. सहदेव जुईला घेऊन जिन्यावरून धावत सुटला. रिक्षा मिळाली, पण रस्ता मोकळा मिळायला नशीब लागतं. पवईला सगळं तुंबलं होतं. त्याने शेजाऱ्यांचे नंबर आठवून पाहिले, पण एकही आठवेना, आणि नंबर शोधायला हा फोन कापायची त्याची छाती होईना. कारण पलीकडे रत्नप्रभाचा आवाज येत होता, स्वच्छ, जवळून. ती आता त्याच्याशी बोलत नव्हती.

"तुझा नाव काय रे बाबा?" ती विचारत होती. मग थोडा वेळ काही नाही, ऐकणाऱ्याने मान डोलवावी एवढा. "खयचो तू? हां... विक्रोळीचो. आवस हा मां तुझी? तिका कळवलंस?" पुन्हा शांतता. "नाय? कोणीच कळवक नाय? अरे देवा..." मग पुढच्याला, "आणि तुझा रे? जेवलंस कदी शेवटचा?"

दुसऱ्यांची उत्तरं ऐकू येत नव्हती. सहदेव "रत्ना, रत्ना" म्हणून हाका मारत होता, रिक्षावाला आरशातून घाबरून बघत होता. गांधीनगरचा पूल आला, गेला. ती एकेकाची चौकशी करत होती, अगदी सावकाश, लग्नाच्या पंगतीत वाढायला आलेल्या यजमानिणीसारखी. कुणालाही तिने घाई केली नाही.

चाळीच्या पायऱ्या तो कसा चढला ते त्याला नंतर सांगता येईना. दार उघडंच होतं. जुई उंबऱ्यावर थबकली. मग अंग आखडून, भिंतीच्या टोकापासून, ती आत शिरली. पावलांना वळसे घालत.

रत्नप्रभा भिंतीला पाठ लावून उभी होती. हात मोकळे सोडलेले, हनुवटी किंचित वर, चेहऱ्यावर राग नाही, दुखणं नाही. तिच्या डाव्या बाजूला हातभर जागा रिकामी होती, उजव्या बाजूला हातभर जागा रिकामी होती. सहदेवने तिचा हात धरला. तो केव्हाच गार पडला होता. हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी पुढे सांगितलं. मग ती पडली कशी नाही, हे त्यांना सांगता आलं नाही.

तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेपुढे जुईने शेपटी हलवली. मग एक पाऊल सरकून ती रत्नप्रभाच्या पुढ्यात बसली आणि वर बघू लागली.

"शाब्बास," सहदेव म्हणाला. त्याने चेंडू काढून टाकला. तो घरंगळत कॉटखाली गेला. "शाब्बास गं जुई... शाब्बास... आहेत. आहेत सगळे..."

जुई उठली नाही.

रत्नप्रभाचा मोबाइल फ्रिजवर पडला होता. सहदेवने तो उचलून बघितला. बॅटरी संपून तो बंद पडला होता. आणि त्याच्या स्वतःच्या फोनवर, जो अजून त्याच्या कानाशी होता, ती पुढच्या पोराला त्याचं नाव विचारत होती.